रिव्हर्स

डिझेलचा वास आला की मला मोडनिंबजवळच्या आमच्या गावची जत्रा आठवते. तिथं ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा चालवायची शर्यत असायची; दोन्हीकडं रोवलेल्या बांबूंना धक्का लागला की गडी बाद. शाळेत बाईंनी अमेरिकेतल्या एका बाईची गोष्ट सांगितली होती. मोटारी नवीन होत्या तेव्हाच ती शर्यतीत उतरली आणि पुढं विमानही उडवू लागली. ती गोष्ट काही माझ्या डोक्यातून गेली नव्हती, म्हणून एका वर्षी मी शर्यतीत नाव द्यायला गेले. जत्रा मंडळाचे अध्यक्ष स्टेजवरून म्हणाले, "बाईमाणसाचं काम न्हाय ह्ये. जा, पाळण्यात बस." मी गेले ती घरचा ट्रॅक्टर ट्रॉली जोडून घेऊनच आले. शर्यत संपून गुलाल उडत होता, तेव्हा मान मागं वळवून मी त्याच बांबूंमधून ट्रॉली नेली, एकालाही धक्का न लावता, आणि थेट स्टेजच्या पायऱ्यांना भिडवून इंजिन बंद केलं. "आगं, आमी उतरायचं कुटनं?" अध्यक्ष म्हणाले. "ट्रॉलीतनं उतरा की," मी म्हणाले. सगळ्या गावादेखत ते धोतर सावरत माझ्या ट्रॉलीत उतरले. आता सोलापुरात मी पोरींना गाडी शिकवते. पुढं जायचं नंतर, आधी रिव्हर्स.