इंजिनावरचा विडा

ती परदेशी गाडी आमच्या बनशंकरीच्या गॅरेजात शिरली की अण्णाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, कपाळावर आठ्या पडायच्या. हेब्बाळच्या एका गृहस्थांनी आखातातून परतताना ती आणली होती. मोकळ्या रस्त्यावर छान पळायची आणि लाल दिव्यापाशी थांबली की आचके देत बंद पडायची. अण्णाने प्लग बदलले, फिल्टर बदलले. चार दिवस बरे जायचे, की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

त्या इंजिनात जळालेला थोडा धूर परत आत घ्यायची सोय होती. त्याच्या वाटा इतक्या अरुंद की करंगळी शिरत नाही. काजळी तिथे दगडासारखी घट्ट बसते, वाटा बुजतात, झडपही नीट मिटत नाही. दुखणं तिथेच आहे, असं मी महिनाभर सांगत होते. पण बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या बहिणीचं ऐकतो कोण? शेवटी अण्णा वैतागला. आमच्या इथल्या कानडी वळणाने त्याचं 'सरी' म्हणजे 'ठीक आहे'.

"सरी, तूच उघड. नीट झाली तर उद्यापासून तू इथली मेकॅनिक. नाही झाली, तर गॅरेजचं नाव काढायचं नाही. रविवारी अक्कांनी आणलेल्या पाहुण्यांसमोर गुमान बसायचं."

पलीकडच्या वस्तीतल्या अक्कांनी स्थळ आणलं होतं आणि आई त्या स्थळावर भाळली होती. मी मात्र हे गॅरेज सोडून कुठेही जायला तयार नव्हते.

मी वरचा भाग उतरवला. सिलिंडरकडे जाणाऱ्या तोंडांत कापडाचे बोळे कोंबले आणि जुन्या क्लच केबलची तार घेऊन त्या वाटांशी झुंजायला लागले. तार घालायची, फिरवायची, रसायन फवारायचं, पुन्हा तार. काळे खडे निघत होते. खंडेनवमीच्या दुपारी शेवटची वाट मोकळी झाली. संध्याकाळी गाडीचे मालक येणार होते. त्या दिवशी गाडी लिंबांवरून गेलीच पाहिजे, हा इथला रिवाज. मी बोळे काढले आणि हात धुवायला मागे गेले.

परत आले आणि पाहतच राहिले. पूजा गाडी जुळवून झाल्यावर करायची ठरली होती, पण राहुकाळ लागेल म्हणून आईने तेवढ्यात उरकून टाकली होती. पाने, पक्कड, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू आणि शेवंतीची फुलं. प्रत्येक यंत्रावर विड्याचं पान आणि त्यावर सुपारीचं खांड. उघड्या इंजिनावरही पान होतं. त्यावर खांड नव्हतं.

मी इंजिनावर ओणवी झाले. बॅटरी मारून पाहिलं, तर एका तोंडात आत अक्षतेचा दाणा. म्हणजे खांडही आत घरंगळलं असेल? त्या सिलिंडरची झडप उघडी होती. आई अक्कांकडे दसऱ्यासाठी मांडलेल्या बाहुल्या बघायला गेली होती आणि अक्कांच्या घरी फोन नव्हता.

"तांदूळ जळून जाईल," अण्णा म्हणाला.

"आणि सुपारी? झडपेत अडकली तर इंजिन गेलं! प्लग काढून आत बघते."

"स्वल्प थांब. पूजेतलं हत्यार उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायचं नाही. बाबांनी कधी उचललं नाही, मी उचललं नाही."

"मग मालक आल्यावर काय, आरती म्हणू?"

मी फूल बाजूला ठेवलं आणि प्लगचा पाना उचलला. अण्णाचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. एकेक प्लग काढून मी भोकांतून उजेड पाडला, डोळा लावला. काळ्याशिवाय काही दिसेना.

तेवढ्यात आई आली. मी तिच्यावर ओरडलेच, "विड्यातलं खांड कुठंय?"

"ओरडतेस काय? ते इंजिन आ करून बसलेलं. आत पडलं असतं तर? म्हणून पान तेवढं ठेवलं."

"मग खांड?"

"तुझ्या पेटीत."

बाकाखाली माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. त्यात माझ्या तारा आणि ब्रश. त्याला पेटी कोणी म्हणत नव्हतं, मीसुद्धा. झाकण उघडलं. प्रत्येक तारेला कुंकवाचं बोट होतं आणि मधोमध सुपारीचं खांड.

अण्णाने अवजारांना हात जोडले आणि पुढचा पाना स्वतः माझ्या हातात दिला. अक्षतेचा दाणा मी ग्रीस लावलेल्या काडीने काढला. सगळं जुळवून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, थोडा काळा धूर ओकली आणि मग एका लयीत चालत राहिली. मी उगाचच बॉनेटवर हात ठेवून उभी होते. मालक आले, चौकातल्या लाल दिव्यापर्यंत फेरी मारून हसत परतले आणि लिंबं चिरडून घरी गेले.

"सरी," अण्णा म्हणाला, "उद्या उत्तरपूजेला लवकर ये."

मी धावत स्वयंपाकघरात गेले. आई कोसंबिरीसाठी काकडी चोचवत होती.

"आई, गाडी झाली! आता रविवारी ते पाहुणे..."

"नाही यायचे," ती मान वर न करता म्हणाली. "अक्कांना दुपारीच सांगून आले, आमची मुलगी कामाला लागली म्हणून."

दुपारी तर इंजिन उघडंच होतं.