मेरेवरची काळी माती

गुंद गावाच्या वरच्या रानातून मातीची एक मेर, म्हणजे जुना बांध, निघते आणि भातखाचरांच्या कडेकडेने नदीपर्यंत जाते. कमरेएवढी उंच, शेजारी चर. कुणी घातली, कुणाला अडवायला, ठाऊक नाही. लिहिणं सुरू होण्याआधीची आहे, असं पुरातत्त्व खात्याची माणसं म्हणतात. गावात आलेली नवरी माहेरच्या शेतातली बुट्टीभर माती या मेरेवर टाकते, मगच सासरचा उंबरा ओलांडते. मग ती गावची.

तुळजाही तशीच गावची झाली. पुढे रस्त्याच्या भरावासाठी मेर खणायला यंत्र आलं, तर ही त्याची किल्ली काढून घरी घेऊन गेली. खात्याला तिनेच बोलावलं. संरक्षणाचा फलक लागला तेव्हा गूळ वाटला. मेरेच्या मातीत फेरफार केल्यास शिक्षा, असं त्यावर लिहिलेलं तिला मुलाच्या लग्नातच कळलं.

सून नेत्रा खानापूरच्या पूर्वेकडची. डोक्यावर काळ्या मातीची बुट्टी. वाटेत मेरेचा राखणदार नागेश उभा, मागे खात्याचा साहेब.

"काकी, आज नको. माजी नोकरी जाईल."

"तुज्या बायकोनं टाकली तवा कुटं हुती रं नोकरी?"

"तवा नोकरीच न्हवती."

वऱ्हाड हसलं. साहेब हसला नाही. "बाई, थरांवरून हिचं वय कळतं. बाहेरची माती पडली की घोळ होतो. तुम्हीच वाचवलीत ना ही?"

त्यात खोटं काही नव्हतं. नेत्राचे हात भरून आले होते.

"आत्या, उतरवू?"

उतरवली तर पोर जन्मभर पाहुणी.

"वाचवली व्हय," तुळजा म्हणाली. "पण निस्ती मेलेल्यांसाटी न्हाई. टाक गं."

माती पडली. तांबड्या मेरेवर काळा डाग.

"लांबूनही दिसतंय हे," साहेब म्हणाला. "नागेश, काढ ते."

"दिसू दे की! थर बघता न्हवं तुमी? ह्यो आमचा." लग्नातल्या नव्या लुगड्यानिशी तुळजा त्या मातीवर फतकल मारून बसली. "ये नागेश. आदी मला काढ."

नागेश फावडं घेऊन जिथल्या तिथे उभा राहिला.

"तक्रार होईल," साहेब म्हणाला.

"करा. जोयड्याच्या कचेरीत बोलवा, येते." ती नेत्राकडे वळली. "तू हो फुडं. मी उटले की हे माती उचलतील."

सून घरात आली तेव्हा ओवाळायला सासू दारात नव्हती.