आठवं मंगलाष्टक

आमच्या अंबरनाथ पूर्वेत मालिनी टिल्लू दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहेत. एक, त्यांच्या हातून गेलेल्या लग्नपत्रिकेत शुद्धलेखनाची चूक आजवर कुणाला सापडलेली नाही. दोन, त्यांचा राग लोणच्यासारखा आहे. मुरतो, पण नासत नाही. दुसरी गोष्ट गावभर मीच केली. भिंतीला भिंत लावून तीस वर्षं राहतोय, तेवढा हक्क आहे माझा.

बाईंचा डीटीपीचा धंदा. पत्रिका, बारशाची कार्डं, तेराव्याचे कागद. पण खरी कला वेगळीच. त्या मंगलाष्टकं रचायच्या. रेडीमेड नव्हेत, नवरानवरीची नावं, आजोळ, कुलदैवत, कोण कुठे नोकरीला, सगळं वृत्तात बसवून. मुलीचा मामा दुबईला असेल तर तोही दोन गुरू अक्षरांच्या मध्ये अलगद बसायचा.

बाई लिहायच्या आणि चिंतामणी फाटक गायचे. फाटकांचा घसा असा की हॉलचा माईक बंद पडला तरी मांडवाबाहेरचा घोडा दचकेल. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत दोनशे बारा लग्नं या जोडगोळीने लावली. लग्नसराईत बाई मात्र कधी हॉलवर जायच्या नाहीत. दुकानात पत्रिकांचा ढीग असायचा. कागद फाटकांच्या हाती दिला की त्यांचं काम संपलं.

दुकान बंद केल्यावर, गेल्या माघात, त्या पहिल्यांदाच अक्षता टाकायला हॉलवर गेल्या. बदलापूरला, भाचीच्या. मीही होतो, जिलबीसाठी. फाटक माईकवर आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "शब्द आणि स्वर, चिंतामणी फाटक." मग बाई समोरच बसलेल्या दिसल्या तसे जरा अडखळले आणि हसून म्हणाले, "टायपिंग, टिल्लूबाई."

हॉल हसला. बाईही हसल्या. मी मात्र त्यांच्या मुठीतल्या अक्षता पाहिल्या. पीठ व्हायचं तेवढं बाकी होतं.

पण खरा घाव पुढेच होता. बाई बोटांवर मोजत होत्या. पाच, सहा, सात, आणि एकदम "शुभमंगल सावधान!" बँड सुरू. आठवं गेलं कुठे?

आता यातली गंमत सांगतो. मंगलाष्टकांची जी चाल तुमच्याआमच्या कानात बसली आहे, ती शार्दूलविक्रीडित वृत्ताची. बाई पहिली सात त्यात लिहायच्या आणि आठवं मुद्दाम वेगळ्या वृत्तात. त्या वृत्ताचं नाव मालिनी. आणि त्या कडव्यात स्वतःचं नावही गुंफायच्या. ती त्यांची सही. फाटकांना चाल एकच यायची. आठवं तिच्यात बसेना, म्हणून हा माणूस अठरा वर्षं ते गाळत आला होता. लोक अक्षता फेकण्यात आणि पंगतीकडे पाहण्यात गुंग, मोजतंय कोण?

परत येताना रिक्षात बाई एवढंच म्हणाल्या, "आप्पा, अठरा वर्षं माझी सही खाल्ली या माणसानं."

"पचली पण," मी म्हटलं. तेल घालणं हे शेजाऱ्याचं कर्तव्य आहे.

त्यात चैत्रात बातमी आली की फाटक पुस्तक काढताहेत. 'दोनशे मंगलाष्टके', कवी चिंतामणी फाटक. बदलापूरला प्रकाशन, शाल, श्रीफळ. बाईंनी फोन केला, "फाटक, माझी आठवी कडवी लॅपटॉपमध्ये आहेत. दोनशे बाराच्या दोनशे बारा, तारीखवार. प्रकाशनाला मी ती घेऊन येते."

दुसऱ्याच दिवशी फाटक समेट करायला दारात. हातात पेढे. बाईंनी चहा टाकला, साखर दोन चमचे. लॅपटॉप टेबलावर उघडा. मी खिडकीपाशी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून बसलो होतो. पुढे जे झालं ते शपथेवर सांगतो: "अरे अरे अरे!" हे आधी ऐकू आलं, आणि कप नंतर कलंडला.

लॅपटॉपने एक उचकी दिली आणि डोळे मिटले.

"हाताला कंप आहे हो हल्ली," फाटक म्हणाले. त्याच न थरथरत्या हाताने त्यांनी एक पेढा उचलला आणि जिना उतरले. चार दिवसांत सगळीकडे त्यांचं एकच पालुपद: "टिल्लूबाईंचं वय झालं. कसली आठवी न् कसलं काय! असतील तर दाखवा म्हणावं."

"काही तर पाठ असतील ना तुम्हाला?" मी विचारलं.

"पाच-पन्नास असतील. म्हणून दाखवली तर तो म्हणेल, काल रात्री रचली. मला तारखेसकट हवीत, आप्पा. जशीच्या तशी."

मग मी त्यांना उल्हासनगरला घेऊन गेलो. तिथे तीन नंबर कॅम्पात भगवान मखिजा म्हणून सिंधी लॅपटॉपवाला आहे. गाळा एवढा अरुंद की गिऱ्हाइकाने आत यायचं तर भगवानला श्वास सोडावा लागतो. त्याने लॅपटॉपचं पोट उघडलं. आत मुंग्यांची पंगत बसली होती.

"माताजी, चाय में शक्कर थी?"

"दोन चमचे."

"बोर्ड तो गया. बिनसाखर असती तर वाचला असता. पण हार्ड डिस्क बघू, साईं. तिचा जीव वेगळा असतो." त्याने काडेपेटीपेक्षा थोडा मोठा चपटा डबा बाहेर काढला, अत्तराच्या बाटलीसारखा जपून पुसला. "चार दिन."

ते चार दिवस बाई घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. पाचव्या दिवशी गेलो तर भगवानचं तोंड पडलेलं.

"माताजी, माफी. फाइल सगळ्या निघाल्या, पण आत सगळा कचरा. वायरसने खाऊन टाकलं. देखो."

पडद्यावर इंग्रजी अक्षरांची जत्रा. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पायाशी शेपूट, मध्येच डॉलर, मध्येच उद्गारचिन्ह. मी मनात म्हटलं, संपलं, फाटक शाल पांघरणार.

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला, पडद्याला नाक लावलं. ओठ पुटपुटायला लागले. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, मी त्यांना खिदळताना ऐकलं.

"अरे भगवान, कचरा कुठला? मराठी आहे ही! फक्त कपडे काढलेली!"

"क्या?"

"माझा फॉन्ट जुना आहे. तुझ्या मशीनमध्ये तो नाही, म्हणून आतली इंग्रजी बटणं उघडी पडली. हे बघ, टोपीवाला इंग्रजी ई म्हणजे माझा 'ग'. हा डॉलर म्हणजे वेलांटी. वीस वर्षं बडवलीत ही बटणं, उघडी पाहिली तरी ओळखते मी. त्याच डिस्कमध्ये फॉन्टचा फोल्डर असेल, तो काढ आणि टाक तुझ्यात."

भगवानने शोधला, टाकला, फाइल पुन्हा उघडली. सगळी नागडी अक्षरं पटापट धोतरं-लुगडी नेसून रांगेत उभी राहिली. वर श्रीगणेश, खाली लग्नाची तारीख, आणि एक ते आठ कडवी. दोनशे बारा फाइल. एकही कमी नाही.

भगवान डोळे विस्फारून बघत होता. "इसमें है क्या, माताजी?"

"सूड."

"वो क्या होता है?"

"बदला," मी भाषांतर केलं.

भगवानने खणातून एक पेन ड्राइव्ह काढला. "तो फिर एक कॉपी और लेके जाओ. बदले का बॅकअप रखना चाहिए."

मला वाटलं होतं, बाई आता प्रकाशनाला जातील, चार शब्द सुनावतील, टाळ्या पडतील. छे. कवयित्रीचा सूड आणि डीटीपीवालीचा सूड यांत फरक असतो. बाईंनी भगवानकडूनच एक जुना लॅपटॉप घेतला आणि आठ दिवसांत दोनशे बारा कार्डं काढली. पिवळा कागद, कोपऱ्यात हळदीकुंकू, मजकूर असा:

"आमचे येथे श्रीकृपेकरून बंद पडलेली हार्ड डिस्क उघडली. आपल्या शुभविवाहात गायकांनी सातच मंगलाष्टके म्हटली. गाळलेले आठवे सोबत पाठवीत आहोत. ते का गाळले, याची चौकशी श्री. चिंतामणी फाटक यांच्याकडे करावी." खाली फाटकांचा मोबाईल नंबर. ठळक टायपात.

शुद्धलेखनाची चूक एकही नाही.

अर्धी कार्डं पोस्टाने गेली, अर्धी मी वाटली. या वयात एवढा उत्साह मला औषधानेही आला नव्हता.

पहिला फटाका बदलापूर गावात फुटला, मोतीबाईंच्या घरी. त्यांचा मुलगा वरद आणि सून राजसी यांचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षं त्या घरात पंखा दोनवर की चारवर यावरून महायुद्ध चालू आहे. मोतीबाईंनी कार्ड दोनदा वाचून घेतलं आणि फोन लावला.

"काय रं फाटक्या, आमचं आठवं कुटं घातलंस? तरीच म्हनते, पोरांचं पटत का नाय! सातावर लगीन लावलंस मेल्या!"

मग रांगच लागली. कुणाची सून वेगळी निघाली होती, कुणाचा जावई दिवसभर लोळत होता, एका नवऱ्याला टक्कल पडलं होतं. आजवर ज्याचं त्याने नशिबावर ढकललं होतं. आता नशिबाला मोबाईल नंबर मिळाला. एकाने तर फाटकांना विचारलं, "घटस्फोटाच्या कागदावर तुमचंही नाव घालू का?"

आमचे विष्णुपंत, जुने संस्कृतचे मास्तर, सगळ्यांना समजावत होते की आठच म्हटली पाहिजेत असं शास्त्रात कुठे नाही. ऐकतंय कोण! आणि नेमकी इथेच फाटकांनी माती खाल्ली. वैतागून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना संदेश धाडला: 'शास्त्राप्रमाणे सातसुद्धा चालतात.'

मालिनीबाईंनी तो मला वाचून दाखवला, हळू, एकेक शब्द चावत. "आप्पा, 'सातसुद्धा'. म्हणजे आठवं होतं. लेखी कबुली."

तीही त्यांनी छापली. त्याच पिवळ्या कागदावर. त्या दिवसापासून अंबरनाथ ते बदलापूर फाटकांना कुणी फाटक म्हणेना. सगळे म्हणायला लागले, सप्तक. हे नाव कुणी ठेवलं ते विचारू नका. मी सांगणार नाही आणि तुम्हाला ते कळलेलं आहे.

प्रकाशन पुढे गेलं, मग आणखी पुढे, मग त्याबद्दल कुणी बोलेना. आणि एका सकाळी फाटक पुन्हा बाईंच्या दारात. या वेळी पेढे नव्हते.

"मालिनीताई, लोक जगू देत नाहीत. आठवं घरी येऊन म्हणा म्हणतात. मला त्याची चालच येत नाही."

"बसा," बाई म्हणाल्या. "टेबलापासून लांब. त्या स्टुलावर."

मी लगेच पेपर धरला.

"चाल शिकवते. अट एकच. प्रत्येक घरी, म्हणण्याआधी, कुणाचे शब्द ते सांगायचं. मी समोर असेन."

"प्रत्येक घरी? दोनशे बारा घरं?"

"अठरा वर्षं लागली होती ना खायला? वाढायला घाई काय आहे?"

मला वाटलं, बिचारा वाळलाय, बाई आता थोडं सोडतील. मी हळूच म्हटलंही, "दहा-वीस घरांवर भागवा." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उलटा धरलाय हे मला तेव्हा कळलं.

पहिला मान मोतीबाईंचा. त्यांनी तर हट्टच धरला, आठवं राहिलंय ना, मग अंतरपाट धरूनच म्हणा. अंतरपाट कुठला, कपाटातला टॉवेल. एक टोक मी धरलं, एक विष्णुपंतांनी. अलीकडे वरद बर्म्युडात, पलीकडे राजसी हातात लाटणं घेऊन. आठ दिवस दोघं बोलत नव्हते. बाई समोर खुर्चीत, टेबलावर बोटाने ठेका धरून.

फाटकांनी घसा साफ केला. "शब्द," ते म्हणाले, आणि थांबले.

ठेका चालूच.

"शब्द, मालिनी टिल्लू."

"पुढे?" बाई म्हणाल्या.

"स्वर..."

"स्वर नाही. स्वर माझ्या वृत्ताचा आहे. तुमचं काय ते सांगा."

मोतीबाईंनी पदर तोंडाला लावला. फाटकांनी वर छताकडे पाहिलं, खाली लादीकडे पाहिलं. मग तो बुलंद आवाज कुठल्या कुठे गेला आणि त्यांच्या तोंडून निघालं, "घसा, फाटक."

आणि ते गायले. दोनदा घसरले, दोनदा बाईंनी पहिल्यापासून म्हणायला लावलं:

"वरद हसत पाहे, राजसी लाजताहे,
विणुन वचनमाला मालिनी आज वाहे..."

राजसी काही लाजत नव्हती, लाटणं मांडीवर आपटत हसत होती. वरद मात्र टॉवेलावरून डोकावून तिच्याकडे बघत होता, हे मी पाहिलं. अक्षता पडल्या. पंखा त्या दिवशी तीनवर होता म्हणतात.

मोतीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. फाटकांनी कपाकडे हात नेला मात्र, मालिनीबाईंनी टेबलावरची घरांची यादी उचलून छातीशी धरली. पेन काढून पहिल्या नावापुढे खूण केली आणि म्हणाल्या, "प्या सावकाश. दोनशे अकरा राहिलीत."