ज्याची त्याची लायकी

पिशोरहून येऊन मी वाळूजच्या कारखान्यात लागलो आणि मामांकडं राहू लागलो. मामा चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात फोरमन होते. त्यांचं मत पक्कं होतं : जगात ज्याला त्याला लायकीप्रमाणं मिळतं. गरीब असंल तो आळशी. विद्यापीठाचं नामांतर मागणारे? "रिकामटेकडे!" एवढं बोलून मामा एक भाकरी जास्त खायचे आणि आडवे होताच घोरू लागायचे.

माझं उलटं. नामांतर व्हावं असं मला मनापासून वाटायचं. खेड्यांतल्या दलित वस्त्या जाळल्याचं ऐकून रात्रभर जागा राहायचो. पण घरात मी एक शब्द बोललो नाही. मत पुरोगामी, तोंड बंद. मला पित्त झालं. डॉक्टरनं तिखट बंद करायला सांगितलं.

मग मामांच्या कारखान्याला टाळं लागलं. मामी म्हणाली, "मालकानं बंद केला, त्यात तुमचा काय कसूर?"

मामांना ते पटवून घेता येईना. आपला कसूर नाही म्हणावं, तर मग बाकीच्यांचाही नसणार! त्यांचं जेवण तुटलं, ब्लडप्रेशर वाढलं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक दलित मित्र होता. नामांतराच्या मोर्च्यात ओरडून घसा बसवून यायचा आणि माझ्या डब्यातला ठेचाही संपवायचा. त्याला पित्त माहीत नव्हतं. मामांचं कळल्यावर त्यांच्या नोकरीसाठी तो स्वतः आमच्या साहेबाशी बोलला. मामा आधी गुरगुरले, "त्याच्या वशिल्यानं जाऊ व्हय?" आणि सोमवारी आमच्या कारखान्यात कामाला हजर झाले.

पंधरा दिवसांत तब्येत ठणठणीत. पाहुण्यांना सांगू लागले, "माझं काम बघून साहेबानंच बोलावून घेतलं." मी पाहुण्यांना चहा देत होतो. चहाच देत राहिलो.

मित्राला हे सांगितलं तर तो हसला. "झोप लागती ना त्यांना? मग म्हणू दे. तू कधी येतो मोर्च्याला?"

शरमेनं त्या रविवारी गेलो. क्रांती चौकात, सगळ्यांत मागं, तोंडाला रुमाल बांधून.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"धूळ लई आहे," मी म्हणालो.

नुकताच पाऊस पडून गेला होता.