चार बोटं पुरेत

बातमी आली तेव्हा मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. शेजारच्या पाड्यावरची अंगणवाडी सेविका, माझी मैत्रीण वत्सला गेली... फोनवरची बाई एवढंच बोलून रडायला लागली. त्याला महिना झाला. मुरबाडला मीटिंगला जाताना मी अजून फाट्यावर तिच्यासाठी उगाच थांबते.

वत्सला फटकळ होती, आणि मुलांच्या चुगल्यांचा तिला भारी वैताग. "बाय, यानी माझी पाटी घेतली," "बाय, ही माज्याकडं बघते," दिवसभर तेच. शेवटी तिने भिंतीवर गेरूने मोठा पंजा काढला आणि बोटांना गोष्टी वाटून दिल्या. रक्त, आग, पाणी, साप; आणि अंगठा म्हणजे हाक मारूनही न उठणारं माणूस. यातलं काही दिसलं तर धावत येऊन मोठ्यांना सांगायचं, बाकीची भांडणं आपसांत मिटवायची. कुणी तक्रार घेऊन आलं की ती एवढंच विचारायची, "कुठलं बोट?" पोर स्वतःच्या हाताकडे बघायचं आणि गुपचूप परत जायचं. मला ते इतकं आवडलं की माझ्याही भिंतीवर मी तसाच पंजा काढला.

घोळ घातला तो अंगठ्याने. दुपारी पडवीत आडवा झालेला आजा असो की पिऊन पडलेला बाप, मुलं धावत यायची. "बाय, बापूस उठत नाय!" आम्ही अनवाणी पळायचो आणि त्या बापाच्या शिव्या खाऊन परत यायचो. दोन्ही गावांत आमचं हसं झालं. मीच वैतागले. "वत्सला, चार बोटं पुरेत गो. अंगठा काढून टाक."

"एखाद टायमाला खरं निघंल ना..." ती म्हणाली. मी ऐकलं नाही. दोघींनी मिळून दोन्ही भिंतींवरचे अंगठे चुन्याने पुसले आणि महिनाभर मुलांकडून चारच बोटं घोकून घेतली.

त्या दिवशी तिची मदतनीस म्हशाच्या जत्रेला गेली होती. गोष्ट सांगता सांगता वत्सला भिंतीला टेकली आणि तशीच राहिली. मुलं तासभर तिच्याभोवती बसून होती. एक आई मुलीला न्यायला आली तेव्हा कुठे कळलं. लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. दहाव्याला तीच चार वर्षांची मुलगी माझ्याजवळ आली. "मी बायला हाका मारल्या. बाय निजल्या होत्या. मंग आमी आवाज नाय केला." मी तिला शाबास म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तिची चूक नव्हतीच, माझी होती, आणि ती आता कुणाला सांगून निस्तरता येणारी नाही.

माझ्या भिंतीवर मी अंगठा परत काढलाय. चुन्यावर गेरू नीट धरत नाही, म्हणून रोज गिरवते. मग पाचही बोटं उघडून दाखवते. मुलंही हात वर करतात... चार बोटं ताठ, अंगठा तळव्यात दुमडलेला. मी एकेकाचा अंगठा धरून सरळ करते. हात सोडला की तो पुन्हा आत जातो.