मास्तरांचं माप

शहराबाहेरच्या त्या सार्वजनिक गोल्फ मैदानावर चौथ्या खड्ड्याकडे जाताना एक ओढा आडवा येतो. रुंदीने तो काही मोठा नाही, धडधाकट बकरी सहज उडी मारून जाईल. अडचण अंतराची आहे. जिथे उभं राहून चेंडू मारायचा ते पांढरे दगड ओढ्यापासून इतके मागे आहेत की फटका जरा कमी पडला तर चेंडू थेट पाण्यात. ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी बरंच पुढे लाल दगड मांडलेले आहेत. तिथून नवशिक्यांचाही चेंडू पलीकडे जातो.

सलग दोन रविवार मास्तरांचा चेंडू पाण्यात गेला होता.

मास्तर म्हणजे बाई. शिवणकामाचं स्वतःचं दुकान, हाताखाली दोन मशिनी आणि गळ्यात कायम टेप. शिंप्याला मास्तर म्हणायची पद्धत, तेव्हा गिऱ्हाइकं त्यांनाही मास्तरच म्हणू लागली आणि तेच नाव मैदानावर गेलं. मैदानावर त्या खेळायला म्हणून गेल्याच नव्हत्या. खड्ड्यांपाशी रोवायची निशाणं शिवून द्यायचं काम मिळालं होतं, ती पोहोचवायला गेल्या. तिथल्या कोणीतरी गंमत म्हणून हातात काठी दिली. पहिला फटका हुकला, दुसराही हुकला, तिसरा असा बसला की निशाणांचं बिल मागायचं राहून गेलं. तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता पांढरे झाले होते, पण रविवार चुकला नव्हता.

त्यांच्यासोबत खेळणारे दोघे ठरलेले. एक त्यांचा धाकटा भाऊ, पाण्याच्या पंपांचा विक्रेता, पोट सुटलेला आणि आवाज त्याहून सुटलेला. दुसरे चष्म्याच्या दुकानाचे मालक, त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. या तिघांचा एक नियम होता. ज्याचा चेंडू सलग तीन रविवार ओढ्यात जाईल त्याने मुकाट्याने लाल दगडांवर जायचं. नियम भावाने काढला होता, पण मान तिघांचीही हलली होती. मास्तरांचा चेंडू तेव्हा ओढ्यावरून पाखरासारखा जात होता, त्यामुळे त्यांची मान जरा जास्तच जोरात हलली होती.

लाल दगडांची तुकडी उन्हं चढल्यावर सुटत असे. म्हणजे नुसते दगड बदलणार नव्हते. सकाळ बदलणार होती, सोबत बदलणार होती. चष्मेवाल्यांचे तेच ते विनोद आणि धाकट्याची बडबड, ज्यांना त्या वर्षानुवर्षं शिव्या घालत आल्या होत्या, ते सगळं त्यांच्याशिवाय पुढे चालणार होतं.

"ताई, वयाला मान द्यावा माणसाने," दुसऱ्यांदा चेंडू बुडाला तेव्हा भाऊ म्हणाला.

"देते की. वय माझ्यापुढे आलं तर उठून खुर्ची देईन. अजून आलेलं नाही."

"तसं नाही मास्तर," चष्मेवाले म्हणाले, "मीसुद्धा आता जाड काचा लावतोच ना?"

"तुम्ही काचा लावता, डोळे काढून ठेवत नाही!"

मास्तरांनी काठी पिशवीत घातली. ती काठी म्हणजे ड्रायव्हर, पहिला लांब फटका मारायची, मोठ्या डोक्याची. होती ती भावाचीच जुनी. त्याने नवी घेतली तेव्हा ही त्यांच्या गळ्यात मारली होती, आणि फुकट नव्हे. दांडा त्याच्या उंचीचा, कडकही त्याच्याच जोराला साजेसा. मास्तर तिच्यापुढे उभ्या राहिल्या की मोठ्या भावंडाचा कोट घातलेल्या लेकरासारख्या दिसत. आयुष्यभर लोकांना अंगाबरोबर कपडे शिवून दिले आणि स्वतः मात्र ढगळ काठी वापरली, ही गोष्ट त्यांच्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घरी सून म्हणाली, "आई, पुढच्या दगडांवरून खेळलात तर काय बिघडतं?"

"माझं बिघडतं."

"पण खेळ तर तोच ना?"

"तुझ्या ऑफिसात उद्या तुला म्हणाले, काम तेच, फक्त दाराबाहेर बसून करा. बसशील?"

सून हसली. "मग नवी काठी घ्या. त्या काय म्हणतात, माप घेऊन देतात अशा."

शाळेच्या गणवेशांच्या हंगामातून मास्तरांनी थोडे पैसे एका पाकिटात बाजूला टाकले होते. ते पाकीट त्यांनी उचललं. पाकिटात आहे तेवढ्यातच काठी आणायची, वर छदाम घालायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं. या घरात त्यांच्या ठरवण्याला अपील नव्हतं.

भाऊ न बोलावता सोबत आला. "तुला फसवतील," म्हणाला.

"तू फसवलंस तेवढं कोण फसवणार?"

दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. पुढे काठ्यांच्या रांगा, मागे जाळी लावलेली खोली. जाळीत चेंडू मारायचा आणि बाजूच्या पडद्यावर तो किती वेगाने, किती उंच गेला असता ते आकडे उमटायचे. माप घेणारा काठीवाला पन्नाशीतला, शांत माणूस होता. मास्तरांना पाहून तो सवयीने एका कोपऱ्याकडे वळला. तिथल्या सगळ्या काठ्या गुलाबी होत्या.

"रंग नंतर बघू. आधी माप घ्या," मास्तर म्हणाल्या.

त्याने मनगटापासून जमिनीपर्यंत पट्टी लावली. मास्तरांची नजर पट्टीवर खिळली. "ताठ धरा हो. झोल आलाय."

काठीवाल्याने निमूटपणे पट्टी ताठ केली. मग त्यांना जाळीसमोर उभं करून त्याने हातात एक काठी दिली. मास्तरांनी पाय रोवले, दात आवळले आणि सगळा जीव खांद्यांत आणून फटका हाणला. जाळी थरथरली. आकडा बरा आला.

"वा, ताई!" भाऊ ओरडला.

दुसरा त्याहून जोरात. तिसऱ्याला त्यांची टाच उचलली गेली, पण आकडा आणखी चढला. मास्तरांच्या कानशिलांना घाम आला होता आणि चेहऱ्यावर तेज. कोण म्हणतं वय झालं? पडदा तर काही वेगळंच सांगत होता.

काठीवाल्याने आकडे पाहिले, क्षणभर मास्तरांकडे पाहिलं आणि आतून एक नवी कोरी काठी आणली. कडक दांडा, चेंडूला लागणाऱ्या तोंडाचा कल कमी. "आकड्यांप्रमाणे तुम्हाला ही लागेल." किंमत सांगताना त्याने आवाज खाली आणला. ती पाकिटात बसत नव्हती.

"वरचे मी घालतो," भाऊ म्हणाला.

"नको. तुझे पैसे घातले की पुन्हा ती तुझीच काठी."

"अगं, पण आकडे बघ की! पोरींना लाजवशील अशी मारतेस. अशी काठी सोडायची?"

मोह मोठा असतो. मास्तरांनी पाकीट काढायला पिशवीत हात घातला. एवढ्यापुरतं ठरवलेलं मोडावं का, असाही विचार मनाला चाटून गेला. काठी खाली टेकवून त्या वाकल्या आणि इतका वेळ छातीत कोंडलेला श्वास त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडला. हुश्श.

मास्तर तशाच वाकलेल्या राहिल्या.

हा आवाज त्यांच्या चांगला ओळखीचा होता. दुकानात रोज ऐकू यायचा. टेप कमरेला लावला की माणूस पोट आत घेतो. बाई असो, बुवा असो, नवरदेव असो की हवालदार, टेपासमोर सगळे सारखे. मग टेप काढला की हुश्श. त्या मापाने शिवलं तर पँटचं बटण पहिल्या जेवणालाच उडतं आणि दोष शिंप्याला. म्हणून मास्तरांची युक्ती होती. टेप लावताना त्या गिऱ्हाइकाला घरचं काहीतरी विचारायच्या. सासूबाई कशा आहेत? पाहुणे गेले का? माणूस बोलायला लागला की पोट आपोआप जागेवर येतं. बोलता बोलता पोट आत ओढून धरणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता.

त्या सरळ झाल्या. "हे माप खोटं आहे."

काठीवाला दचकला. "मशीन नवीन आहे, बाई."

"मशिनीचं काही चुकलं नाही. मी पोट आत घेतलं होतं."

काठीवाल्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "या जाळीसमोर सगळेच घेतात. मलाही शंका आली होती. पण गिऱ्हाईक खूश असताना सांगायचं कसं?"

"माझ्या धंद्यातही तीच पंचाईत," मास्तर म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "इकडे ये. मला काहीतरी विचार."

"काय विचारू?"

"काहीही. तुझी पँट यंदा मी किती वेळा सैल केली ते विचार."

"लोकांसमोर कशाला काढतेस ते?"

"तीनदा!" मास्तर म्हणाल्या आणि बोलता बोलता काठी मागे गेली. "पहिल्यांदा म्हणालास कापड आटलं. दुसऱ्यांदा म्हणालास धुणाऱ्याने बिघडवली." काठी फिरली, चेंडू जाळीत गेला. "तिसऱ्यांदा तर म्हणालास खुर्चीचाच दोष."

काठीवाला हसू दाबत पडद्याकडे पाहत होता. आकडा धपकन खाली आला होता. भावाचा चेहरा पडला. "बघ, घालवलंस. आता कमी दाखवतंय."

"आता खरं दाखवतंय. रविवारी ओढ्यापाशी मी अशीच मारते. तिथे पडदा नसतो."

पुढचे फटके त्यांनी धाकट्याच्या उधारीवर, त्याच्या सासुरवाडीवर आणि घोरण्यावर बोलत मारले. आकडे एका जागी येऊन थांबले. ते काही छातीवर मिरवण्यासारखे नव्हते. मास्तरांनी ते पाहिले, एकदा ओठ घट्ट मिटले आणि म्हणाल्या, "हं. याला काय लागतं?"

"मऊ दांडा," काठीवाला म्हणाला. "तुमच्या वेगाला तो लवेल आणि चेंडूला ढकलेल. लांबी कमी. तोंडाचा कल जास्त म्हणजे चेंडू उंच उठेल. तुमच्या ओढ्याला उंचीच हवी आहे. आणि नवी कोरी कशाला? गेल्या वर्षीचं डोकं आहे माझ्याकडे, वर एक ओरखडा आहे, बाकी ठणठणीत. दांडा कापून बसवून देतो."

"म्हणजे कटपीस."

"कटपीसच म्हणा."

"कटपिसात मी लोकांचे लग्नाचे कोट बसवलेत. काढा."

पाकिटात ते बसलं. दांड्यावर एक चिठ्ठी होती, 'लेडीज'. भावाने ती मोठ्याने वाचली. "ताई! म्हाताऱ्या बायकांची काठी घेतलीस? चष्मेवाले पोट धरून हसतील."

काठीवाला समजूतदार होता. "चिठ्ठी काढून देऊ का?"

मास्तरांच्या दुकानात बायका मोठ्या मापाची लेबलं कापून मागत, पुरुषही मागत, आणि त्या काही न बोलता कापून देत. आज मात्र त्यांनी हात वर केला.

"राहू दे ती. ज्याला वाचायची त्याने वाचावी. चेंडूला वाचता येत नाही."

तिसरा रविवार उजाडला. गवतावर दव होतं. चष्मेवाल्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि बाजूला झाले. भाऊ मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. पांढऱ्या दगडांपाशी येताच म्हणाला, "ताई, अजून वेळ गेलेली नाही. लाल दगडांवरून मार. कोणी काही म्हणणार नाही."

"तू म्हणशील. मरेपर्यंत म्हणशील."

"आणि बुडाला तर?"

"बुडाला तर नियमाप्रमाणे पुढच्या रविवारी जाईन, कोणी ढकलायची गरज नाही. पण आज मी इथे उभी आहे."

मास्तरांनी चेंडू मांडला. ओढा दूर चमकत होता. जाळीसमोर झालं तसेच दात आवळले गेले, खांदे चढले, आणि त्यांना ते कळलं.

"काय रे," त्या चेंडूवरची नजर न काढता म्हणाल्या, "तुझ्या बायकोची गुडघेदुखी कशी आहे?"

"बरी आहे की. काल तर जिना..."

"जिना चढली? छान झालं. तिला म्हणावं, परकर न्यायला..." काठी मागे गेली, दांडा लवला. "ये."

टक् असा हलका आवाज आला. चेंडू वर गेला, आणखी वर गेला. आजवर त्यांचा चेंडू असा उंच कधी उडालाच नव्हता. तो वर जाऊन जरा रेंगाळला आणि मग ओढ्यापलीकडच्या गवतात कोरडाठाक पडला. फार पुढे नाही, पण पलीकडे.

"वा, मास्तर!" चष्मेवाल्यांनी टाळी वाजवली.

"लांब काही गेला नाही," भाऊ म्हणाला.

"ओढा ओलांडला. त्याच्यापुढे लांब जाऊन मला काय दुकान थाटायचंय?"

आता भावाची पाळी होती. ताईच्या पुढे टाकायचाच, हे त्याच्या मानेवरच लिहिलेलं होतं. पोट आत गेलं, छाती फुगली, काठी अशी फिरली की चष्मेवाले दोन पावलं मागे सरले. चेंडू जमिनीलगत सूं करत गेला आणि डुबुक.

पाण्यावरची वर्तुळं काठाला लागली. मग धाकटा आपल्या काठीकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "ताई, तुझी ती एकदा दे ना बघायला. एकच फटका."

मास्तरांनी काठी पुसली, पिशवीत घातली आणि पिशवीचा बंद आवळला.

"ही माझ्या मापाची आहे. तुला हवी तर जा, आणि स्वतःचं माप दे," ओढ्याकडे चालू लागत त्या म्हणाल्या, "पोट सोडून."