पंप धुण्याची जागा

पालकसभा शाळेच्या व्हरांड्यात घेतली की माणसं सतरंजीवर बसतात, भिंतीला टेकतात आणि मुख्याध्यापकांचं बोलणं संपायच्या आत पेंगायला लागतात. म्हणून त्या वर्षी मी सभा नदीवरच बोलावली. सहकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, येतात की नाही ते बघाच.

किन्हीराजा गावाकडून आत वळलं की आमची सातवीपर्यंतची शाळा लागते. नदी शाळेच्या मागेच, तिच्यावर एक छोटा बंधारा. पावसाळा सरून पाणी निवळलं की मी पोरांना घेऊन तिथे उतरते. साहित्य म्हणाल तर एक बादली, पोषण आहाराच्या खोलीतली पांढरी परात आणि चहाची गाळणी. पाण्यातला दगड अलगद उचलायचा, त्याची खालची बाजू परातीतल्या पाण्यात हलवायची आणि काय वळवळतं ते बघायचं. चतुराची पिल्लं, गोगलगायी, नखाएवढे खेकडे. बघून झालं की सगळे परत पाण्यात आणि दगड त्याच जागी, होता तसाच. दगड पालथा टाकणाऱ्याची मी गय करत नाही. तुझ्या घराचं छप्पर कोणी असं उलटं ठेवलं तर चालेल का, असं विचारते.

त्या वर्षी सातवीतल्या एका मुलीच्या लक्षात आलं, की बंधाऱ्याच्या वर प्रत्येक दगडाखाली वस्ती आहे, आणि खाली, पायवाट नदीत उतरते तिथे, दगडाखाली नुसता गाळ. तिनं पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. मी भलतीच खूश झाले. म्हटलं, सभेत हेच दाखवायचं आणि तूच दाखवायचं. तिचा चेहरा पडला.

"मॅडम, ते नोका दाखवू. तितं माहे बाबा पंप धुतात."

तुरीवर फवारणी चालू होती. संध्याकाळी घरी जाताना पाठीवरचा पंप नदीत खंगाळायचा, ही आमच्याकडची रीतच. पण ती वाट त्यांच्याच वावराची, म्हणजे तिथे धुणारा माणूस एकच. चार लोकांत बाबांची मान खाली जाईल आणि मग ते आपल्याला नदीवर पाठवणार नाहीत, ही तिची धास्ती. मला तिची कीव आली, पण सापडलेली गोष्ट झाकून ठेवायला मी तिला शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "आपण दगड दाखवू. नाव कोणाचं घ्यायचं नाही."

सभेला माणसं आली, बायाही आल्या. तिचे बाबा थेट वावरातून आले, पाठीवर पंप घेऊनच. तिनं वरच्या दगडाची परात दाखवली तेव्हा माना पुढे आल्या, पोरंसोरं तर परातीतच पडायची बाकी होती. मग तिनं खालचा दगड हलवला. परातीत काही नाही.

"इतं काहून नाई काई?" कोणीतरी विचारलं.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडणार तोच तिचे बाबा बोलले. "मी पंप धुतो इतं. घरी धुतला त ढोरं तेच पानी पेतात, लेकरं खेयतात. हिरीवर धुतला त पानी आत झिरपते. म्हून मुद्दाम इतं येतो. वाहतं पानी हाय, सारं वाहून जाते."

बेफिकीर माणसाला झापायची माझी जय्यत तयारी होती. हा तर काळजीपोटी इथवर येत होता.

तीच बोलली, हळूच. "बाबा, वाहून जाते त मंग दगडाखाली कोनीच काहून नाई?"

त्यांनी पंप काठावर उतरवला, पँट दुमडली आणि ते पाण्यात शिरले. एक दगड उचलून बघितला, ठेवला. दुसरा उचलला. पुढे सरकत काठावरच्या झाडांच्या मुळांपर्यंत गेले. आपण काही वाईट केलं नाही हे सांगणारा एखादा किडा तरी निघावा म्हणून ते शोधत होते. मला मनापासून वाटत होतं, सापडू दे एखादा. नाही सापडला.

"मॅडम, हे वापस येतीन काय?"

"येतील," मी म्हटलं आणि ते खात्रीनं म्हटलं, कारण वरच्या अंगाला बीज शिल्लक होतं. "पंप वावरातच खंगाळा आणि ते पाणी तिथल्या तिथे तुरीवर मारा."

"वावरात पानी कुठी हाय?"

"मी आनून देतो न बाबा," मुलगी म्हणाली.

"तुले नाई झेपत."

त्यांनी आमची बादली बंधाऱ्याच्या वर नेऊन भरली. न धुतलेला पंप पुन्हा पाठीवर घेतला आणि घराकडे न जाता ते आल्या वाटेनं वावराकडे निघाले. सभेचे बाकी विषय राहिले ते राहिलेच. ती मागून धावत गेली आणि तिनं बादलीच्या कडीला हात घातला. त्यांनी तो काढला नाही.